शेवटचा हात

आई, काल मी एका माणसाकडून त्याची चूक कबूल करून घेतली आणि तेव्हापासून घरभर मिरवते आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तू हे घर पाहिलं नाहीस. इथे परदेशात, रिचमंड हिलला, आमच्या बेसमेंटमध्ये एक जुना बॉयलर आहे. त्यात तापलेलं पाणी नळ्यांतून फिरून सगळ्या खोल्या ऊबदार ठेवतं. आपला न्हाणीतला बंबच म्हण, फक्त हा बिघडला तर नुसती आंघोळ चुकत नाही, अख्खं घर गारठतं.

गेल्या आठवड्यात त्याचा पंप बदलला आणि दुसऱ्याच दिवशी खाली पाण्याचं तळं. पंप बसवणारे सरदारजी पुन्हा आले, पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बॉयलर आतून फुटलाय, म्हातारा झालाय, नवा घ्या, असं सांगून गेले. नवरा लगेच नव्याच्या चौकशीला लागला. मी म्हटलं, आधी आपण बघू या. तर म्हणतो, "अगं, तू कोड लिहितेस. बॉयलरचं त्यांना कळतं. लेट हिम डू हिज जॉब." असं मला आयुष्यभर कुणी ना कुणी सांगत आलंय आणि मी निमूट ऐकत आलेय. या वेळी मात्र डोकं फिरलं, कारण तू आठवलीस, ओट्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी. दूध नासो की मिक्सर बंद पडो, तुझा प्रश्न एकच: "याला शेवटचा हात कुणाचा लागला?" जुन्या वस्तूला तोंड नसतं म्हणून सगळं तिच्या माथी मारायचं नाही, असं तू बजावायचीस.

शनिवारी सकाळी मी खाली गेले. सगळ्या नळ्या फडक्याने कोरड्या केल्या, प्रत्येक जोडाला टिशू गुंडाळला, बॉयलर सुरू केला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. वीस मिनिटांत एकच टिशू भिजला, नव्या पंपाच्या जोडावरचा. तिथून थेंब नळीच्या पोटाखालून ओघळत बॉयलरपाशी येऊन टपकत होता. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगाला पाण्याचा टिपूसही नव्हता. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याने नव्या बॉयलरची चौकशी तिथल्या तिथे थांबवली, आणि मला ते फार आवडलं.

काल सरदारजी आले. मी नुसता ओला टिशू दाखवते. ते पंप सोडवतात, जोडातली रबराची चकती काढतात, ती एका बाजूने दुमडलेली असते. मी सबबी ऐकायच्या आणि भांडायच्या तयारीत. ते हात पुसतात आणि म्हणतात, "गलती मेरी है, बहनजी. गैस्केट मैंने ही टेढ़ी बिठाई, और इल्ज़ाम बॉयलर पर डाल दिया." मग नवी चकती नीट बसवून जातात. संध्याकाळी नवऱ्याने आपणहून चहा केला. मी तीनदा खाली जाऊन कोरडी जमीन बघून आले. जिंकले मी, आई.

पण त्यांचं ते सरळ वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. आपल्या कुकरला नवी रिंग घातली तरी कडेने वाफ जायला लागली होती, आठवतं? शेवटचा हात कुणाचा, तू विचारलंस. दुकानदाराचा, मी म्हटलं, रिंग त्यानेच बसवून दिली. तू तडक दुकानात गेलीस आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडलंस. मी तुझ्याशेजारी उभी होते. त्या भल्या माणसाने उलट शब्द न बोलता दुसरी रिंग दिली, आणि तिनेही वाफ थांबली नाही. रिंग बसवून आणल्यावर घासताना ते झाकण माझ्या हातून मोरीत पडलं होतं. कडेला आलेला पोचा मी पाहिला होता. शेवटचा हात माझा होता, आई. सरदारजींना हे म्हणायला एक मिनिट लागलं. मला एवढी वर्षं लागली, आणि तेही तुझ्यापर्यंत पोचणार नाही अशा कागदावर.