दर्याला आवतण

आई,

लखनौला येऊन माझे केस पिकले, तरी तांदूळ धुतलेलं पाणी मी अजून तुळशीलाच घालते. नात हसते, "आजी, यहाँ पानी की कमी थोड़ी है!" तिला कसं सांगू, भात शिजेपर्यंत फिरून होईल एवढंसं आपलं बेट, चहूकडे समुद्र, आणि अख्ख्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर एकच. मी खेळातल्या भातुकलीसाठी उगाच कळशी ओढतेय, आणि तू पळी हातात घेऊनच चुलीपासून धावत येतेस. "दर्याक आवताण देतंस काय गो?" गोडं पाणी वर तरंगतं, फार उपसलं की खालून समुद्र येतो, हे त्या दिवशी कळलं. पळी पाठीत बसली तेव्हा.

आता पलीकडच्या अंगाला हॉटेल झालंय, पोहायच्या तलावासकट. आपल्या अंगणातही भाच्याला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत आणि विहिरीवर पंप बसवायचाय. माझ्या होकाराशिवाय अडलंय. "आत्ये, पंप नसलो तर पावणे येतले कशे? मासळी तर गेलीच. मग आमी पण बेट सोडूचा?" त्याचं काय चुकलं? पोटापुढे कुणाचं चालतं? नातीने तर बेटावर राहायला जायची बॅगसुद्धा ठरवून ठेवली आहे. मी थकले गं. सगळ्यांचंच बरोबर असतं, आणि निवाडा मात्र माझ्या पदरात.

मी म्हटलं, आधी विहिरीचं पाणी पाठव, मग बोलू. इकडे विमानाने येणाऱ्या कुणाबरोबर त्याने बाटली धाडली. जावई अमौसी विमानतळावरून घेऊन आला. मी देवापुढे ठेवली, मग जीव राहवेना, त्याचाच चहा टाकला. आलं किसून घातलं, तुझ्यासारखं. दूध ओतलं, आणि भांड्यात चोथा न् पाणी वेगळं झालं.

खाऱ्या पाण्याने चहा फाटला, आई. अजून आपला पंप बसायचाय, आणि समुद्र आवतणाआधीच येऊन बसलाय.

नात डोकावून म्हणाली, "अरे, दूध ख़राब था क्या?" मी म्हटलं, हो. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "आत्ये, पाणी गोडा हा मा?" मागे त्याची पोरं खिदळत होती, बेटावरच्या वाऱ्यात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? पळी तरी तुझ्यापाशी असेल. भाच्यालाही मी हो म्हटलं.