माझं एकशे अठ्ठ्याऐंशी, साडूचं शहाण्णव

३ मार्च, सकाळी ११
रिपोर्ट आले. वाईट कोलेस्टेरॉल माझं १८८, साडूचं ९६. अशक्य. मी काडीसारखा, साडू बसला की खुर्ची कण्हते. दोघांचं रक्त एकाच वेळी घेतलं होतं. लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या. उद्या फैलावर घेणार.

४ मार्च
घेतलं. लॅबवाली थंडपणे म्हणाली, पुन्हा तपासू. १९१. भांडणाने तीन वाढलं असणार.

७ मार्च
डॉक्टर वयाने लहान, त्यात आगाऊ. म्हणे, बारीक माणसालाही होतं. तुमचं यकृतच जास्त बनवतंय, घराण्यातून आलं असेल. वडील कशाने गेले? म्हटलं, हार्ट अटॅकने, एक्कावन्नाव्या वर्षी. पण ते फार चिडके होते. डॉक्टरने लगेच चिठ्ठी लिहिली. रोज एक गोळी, कायमची. शिवाय चालणं.

८ मार्च
संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर. साडूचा फोन. सोबत येऊ का, म्हणे. म्हटलं, आधी स्वतःच्या बुटाची लेस बांधून दाखवा. बायको दिवसभर बोलली नाही. शांतता हृदयाला चांगली.

१२ मार्च
चाललो एकूण चार दिवस. गुडघा धरला. बूट भिकार.

१० मे
१०२! चार दिवसांच्या चालण्याचा केवढा परिणाम! डॉक्टर म्हणे, गोळीचा. बंद केलीत तर पुन्हा चढेल. हातचं गिऱ्हाईक कोण सोडतो? गोळी बंद. बायकोला पत्ता नाही. रोज सकाळी एक गोळी खिडकीबाहेर.

२ सप्टेंबर, दुपार
संध्याकाळी साडूकडे जेवायला. लिफ्ट बंद आहे म्हणे. उत्तम. तिन्ही मजले न थांबता चढून दाखवणार. सकाळपासून छातीत जरा जड वाटतंय. गॅस.

५ सप्टेंबर, वॉर्ड
दुसऱ्या मजल्यावर पडलो. स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. साडूने मला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं, धापसुद्धा टाकली नाही, असं बायको अभिमानाने सांगते. नवरा कुणाचा, अभिमान कुणाचा!

दुपारी साडू येणार म्हणून सकाळपासून त्याच्या टोमण्यांना सात सणसणीत उत्तरं तयार ठेवली होती. आला. एकही टोमणा मारला नाही. उशी सरळ केली, गोळी हातावर ठेवली, मी गिळेपर्यंत उभा राहिला, आणि गेला.

अत्यंत नीच माणूस.