वाक्य संपेपर्यंत

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. फोनवर सांगता आलं असतं, पण ताई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना ती खोलीतच नाही अशा थाटात तिच्याविषयी बोलणं मला जमत नाही.

अर्धांगवायूनंतर तिचा डावा हात चांगला चालतो, डोकं तर आपल्या दोघांपेक्षा चांगलं. फक्त जीभ ऐकत नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी बोलण्यासाठी तीन साधनं दाखवली. एक पुठ्ठ्याची अक्षरपाटी: ताईने बोट ठेवायचं, आपण मोठ्याने वाचायचं. दुसरा टॅब्लेट: चित्राला हात लावला की तयार वाक्य बोलतो. तिसरं कळफलकाचं यंत्र: टाइप केलेलं सगळं बोलतं, पण वेळ फार खातं. निवड त्यांची त्यांना करू द्या, असं बाई म्हणाल्या. सध्या पाटी घरी आणली आहे.

महिनाअखेरीस ताईच्या काचकारखान्याच्या व्यवस्थापकांनी बोलावलंय. म्हणून काल तिला विचारलं, नोकरीचं काय करायचं. तिने काना-मात्रा न चुकवता दाखवलं: मी नोकरी सोडणार. बोट थरथरायला लागलं, तेव्हा मी कळलं गं म्हणून पाटी उचलली. तिने टेबलावर हात आपटला आणि तेव्हापासून पाटीकडे बघतसुद्धा नाही. इतकी वर्षं बाटल्या तपासल्या, वाईट वाटणारच. व्यवस्थापकांच्या कानावर तूच घालशील का?

उशीर माझा, त्यापायी तुझी माया आटू नये.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चष्मा पुन्हा पुसून घेतला. पत्त्यांत हरली तरी डाव मोडला म्हणणारी आपली थोरली बहीण, आणि तिने आपणहून माघार घेतली? पण झालं ते बरं झालं. व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, आम्हालाही तेच सोयीचं आहे, नुसती सही करून जा.

माझं मत विचारशील तर टॅब्लेटच घ्या. पटकन काम होतं. पाणी, औषध, धन्यवाद, एवढ्यात माणसाचं भागतं. तुझ्या वहिनीचं म्हणणं, माझं तर त्यातल्या धन्यवादाशिवायच इतकी वर्षं भागलंय. ताईला सांग, पुष्कळ बोललीस, आता आराम कर.

दोघी तब्येतीला जपा आणि या भावावर लोभ असू द्या.

दादा

१३ मार्च

चि. दादास,
आशीर्वाद नेहमीचेच. पत्र मात्र रागाचं आहे.

धाकटीने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मी पाटी तिला फेकून मारली. मग ती निमूटपणे जाऊन कळफलकाचं यंत्र घेऊन आली. हे मी एका बोटाने लिहिते आहे.

मी म्हणत होते, मी नोकरी सोडणार नाही. ती शेवटच्या शब्दापर्यंत थांबली नाही. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो आणि आपल्या घरात शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. उद्या मी विष पिणार नाही म्हटलं, तर तुम्ही पेला भरून आणाल.

टॅब्लेट मी बाईंकडे बसून नीट पाहिला होता. त्यात भूक आहे, दुखणं आहे, धन्यवाद तर तीन तऱ्हेचे आहेत. चूक आहे, असं म्हणायची सोय नाही. शिवाय तो मला पुरुष समजून 'मी दमलो' म्हणतो. या यंत्राला वेळ लागतो, तो लागू दे. हेही पुढचा शब्द सुचवायला बघत होतं, ते बंद करून घेतलं. सुचवणारी माणसं घरात पुरेशी आहेत.

व्यवस्थापकांना सांग की निरोप चुकीचा गेला. त्यापुढे माझ्या वतीने एक अक्षर बोलू नकोस. बाटली बाद करायला डोळे लागतात, जीभ लागत नाही.

लोभ पाठव. सल्ला तुझ्याकडेच ठेव.

ताई

३० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू निरोप दुरुस्त केलास, तरी कारखान्यात राजीनाम्याचा कागद टेबलावर होताच. व्यवस्थापक सगळं मलाच विचारत होते: यांना उभं राहवतं का, यांना जिना चढवतो का. मी खिडकीबाहेर बघत राहिले. प्रत्येक उत्तर अगदी ओठांवर येत होतं. माझं हे गप्प बसणं खरी मदत होती की नुसता देखावा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण शेवटी त्यांना ताईकडे वळावं लागलं.

त्यांनी विचारलं, बाटल्यांच्या पट्ट्यावर काही बिघडलं तर ओरडणार कशा. ताई टाइप करू लागली. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, घड्याळ पाहिलं. मग यंत्र बोललं. भट्टीच्या आवाजात तिथे कोणाचंच ओरडणं ऐकू येत नाही, सगळे हातानेच खुणावतात, आणि घंटेची दोरी डाव्या बाजूलाच आहे. तुम्ही खाली शेवटचे कधी आला होतात? कोपऱ्यातला कारकून एकदम खोकायला लागला.

तीन महिने काम पाहू, मग ठरवू, असं व्यवस्थापक म्हणाले. ताईने एकच शब्द टाइप केला: पाहा.

घरी येताना मी तिला म्हटलं, जरा नरमाईने घ्यायला हवं होतं का. तिने मांडीवरच्या यंत्रावर टाइप केलं, मला तसं वाटत नाही, तुला वाटत असेल तर तू विचार करत बस. तर मी करते आहे. ती परवापासून कामावर जाणार आहे.

यापुढे तिला थेट लिही, आणि दोघींवर सारखाच जीव ठेव.

तुझी,
धाकटी

ता. क. उद्याचं माझं काम: पिशव्या शिवणाऱ्याकडून यंत्र गळ्यात अडकवायला पट्टा करून घेणे, ताईच्या डाव्या हाताच्या बेताने.