गावंडेंच्या लक्ष्मीचा अहवाल

नागपूर, शुक्रवार

ती. सौ. शोभाताई,

नमस्कार. डोकं पायावर टेकवून केला आहे असं समज. मान आखडल्यामुळे प्रत्यक्षात तो अर्ध्या वाटेवरच थांबला आहे. मान का आखडली ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? रुपराव भाऊजींचा खोकला गेला, की अजूनही बागेत मजुरांना हाका मारायचं काम तोच करतो? इकडे मी, माझी मान आणि तुझी सोनिका, तिघंही ठीक आहोत. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाक करतेस, आणि मग आपल्या घरची गोष्ट तुझ्या भाजीच्या आधी काटोलभर शिजते. म्हणून कागद. वाचून झाला की बंबात घाल.)

आधी तक्रार. ती पोटात ठेवून पुढचं लिहिणं मला जमणार नाही. एसटीने पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. संत्री गोड आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पेटीला भाऊजींनी सुतळीच्या ज्या गाठी मारल्या आहेत, त्या संत्र्यांसाठी नाहीत, मारक्या बैलासाठी आहेत. आणि वर तुझी चिठ्ठी, की सुतळी कापू नकोस, सोडवून परत पाठव! जुन्या चित्रांच्या पाठीतले गंजके खिळे कागदाला ओरखडा न उमटू देता काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो हा तुझा भाऊ सबंध सकाळ एका पेटीपुढे पालथा पडून होता. नखं गेली. अब्रू गेली. शेवटी सोनिकाने पेटीची फळीच उचकटून संत्री बाहेर काढली. सुतळी अजून जागच्या जागी आहे, एकाही गाठीला धक्का नाही. पेटीसकट परत पाठवू का, ते कळव. एवढा अन्याय नोंदवून आता विषयाकडे येतो.

संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोडणी सोडून तुम्हा दोघांना येता येईना, म्हणून साहिलचं घर पाहून येण्याची कामगिरी तू माझ्यावर टाकलीस. माझी पात्रता एवढीच की मी मुलीचा मामा, आणि लोकांच्या घरची जुनी चित्रं नि शोभेचे दिवे अस्सल आहेत की नकली, ते सांगण्यावर माझं पोट चालतं. तुला वाटलं असेल, दिवे पारखतो तर माणसंही पारखेल. (ताई, दिवा उलटा करून त्याच्या बुडाशी काय आहे ते बघता येतं. व्याह्यांच्या बाबतीत ती सोय नाही.) सोनिका आणि साहिल एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर. दोघांचं आपसात पक्कं ठरलेलं आहे, आता फक्त वडीलधाऱ्यांनी ते ठरवल्यासारखं करायचं बाकी आहे. म्हणजे काम सोपं होतं. पोहे खायचे, भिंतींना हात लावायचा, 'घर मोकळंढाकळं आहे' म्हणायचं आणि परत यायचं.

गावंडेंचं घर लकडगंजात. खाली लाकडाची वखार, वर राहणं. वखारीवर हातभर अक्षरांत पाटी: 'आमच्या लाकडाला वाळवी नाही. आमच्या घरालाही नाही.' साहिलचे वडील आनंदराव जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. मी म्हटलं, काय ही अगत्याची रीत! पण ते माझ्यासाठी उभे नव्हते, माझ्या धंद्यासाठी उभे होते. सोनिकाच्या नमस्काराला त्यांनी घाईघाईत आशीर्वाद दिला आणि माझा दंड धरला. "या मामासाहेब. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. स्टूल मांडून ठेवला आहे."

स्टूल खरंच मांडलेला होता. दिवाणखान्यात काका, काकू, आत्या, कन्हानहून आलेले आतेभाऊ, सगळे भिंतीकडेला रांगेने बसलेले, आणि मधोमध स्टूल. त्याच्या वर छताच्या कडीला टांगलेला निळ्या काचेचा, लोलकांचा दिवा. समोरच्या भिंतीवर भल्यामोठ्या सोनेरी चौकटीत लक्ष्मीचं चित्र. दोन्ही वस्तू आनंदरावांच्या आजोबांनी आणलेल्या. दिवा म्हणे कामठीच्या छावणीतल्या कुठल्याशा साहेबाचा, आणि लक्ष्मी म्हणे दगडावरून छापायचे त्या काळची. शंभर वर्षांचा माल, पण आजवर कोणा जाणकाराचा कागद नाही, हे गावंडे घराण्याचं एकमेव दुःख. आता मामाच जाणकार निघाला, तेव्हा हा योग देवीनेच जुळवून आणला होता. सोनिकाला कोणी एक प्रश्न विचारला नाही. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, काही नाही. मुलीचं स्थळ पाहायला मामा येतो हे ऐकलं होतं. मामाच्या निमित्ताने मुलगी येते हे प्रथमच पाहिलं.

मी आधी लक्ष्मीपुढे गेलो. भिंग लावलं. ताई, तुला सोपं करून सांगतो. जुन्या दगडी छापाच्या चित्रात रंगाचे ठिपके वाळू सांडल्यासारखे असतात, कसेही, दाट-विरळ. आजकालच्या छपाईत ते शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे रांगेत असतात. गावंडेंच्या लक्ष्मीचा सबंध चेहरा प्रार्थनेला उभा होता. मग स्टुलावर चढलो. दिव्याच्या निळ्या काचेला नख लावलं तर निळेपणा नखात आला. खिशातून लोहचुंबक काढलं. (पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा.) मी ते दिव्याजवळ नेतो न नेतो, तोच ते माझ्या हातून सुटून 'टक्' करून दिव्याला बिलगलं, जसं काही जन्मोजन्मीचं नातं. ओढलं तर लोलक किणकिणले. खाली आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "आवाज तर आयका! किती जुना आवाज आहे!"

मी वर, मान मागे टाकून, एका हाताने नकली दिवा धरलेला, दुसऱ्याने त्याला चिकटलेलं लोहचुंबक लपवतोय, आणि खालून आनंदराव विचारतायत, "काय म्हणून राहिला दिवा, मामासाहेब?" खाली सोनिका माझ्याकडे बघत होती. पोरगी माझ्या घरी राहून नोकरी करते, माझं लोहचुंबक तिला ठाऊक आहे. तिचा चेहरा उतरलेला मला तेवढ्या उंचीवरूनही दिसला. ताई, माझी जीभ तुला माहीत आहे. याच जिभेपायी एका घरच्या झुंबराला मी 'मागच्या साली जत्रेत घेतलेलं दिसतं' म्हणालो आणि वाढलेल्या ताटावरून उठून यावं लागलं. पण त्या ताटाशी तुझ्या मुलीचा संबंध नव्हता. मी खाली उतरलो आणि आयुष्यात प्रथमच सरकारी माणसासारखं बोललो: सखोल अभ्यास करावा लागेल, अहवाल लेखी देतो.

वाटलं, सुटलो. तर आनंदराव जास्तच खुलले. "लेखीच पाहिजे! तुमचा कागद आला का लगेच बैठक. साखरपुड्याच्या दिवशी तो फ्रेम करून दिव्याखाली लावतो. सारे पाहुणे वाचतीन!" म्हणजे खोटं लिहावं तर ते माझ्या सहीनिशी भिंतीवर जाणार, खरं लिहावं तर बैठकच नाही. परत येताना ऑटो रामझुल्याच्या पुलावर चढली. तिथे सोनिका म्हणाली, "मामा, तू खोटं लिहिलंस तर मला त्या घरात रोज ते वाचावं लागेल. खरं लिहिलंस तर त्या घरात जाताच येणार नाही. आता काय लिहायचं ते नीट विचार करून लिही." (ही मुलगी तुझ्यावर गेली आहे. गाठ मारते, आणि वर कापू नको म्हणते.)

मी अहवाल किती वेळा लिहिला आणि फाडला ते विचारू नकोस. एका मसुद्यात मी 'दिव्याचे वय त्याच्या मालकाच्या श्रद्धेइतके आहे' असंही वाक्य लिहिलं होतं. तो मसुदा मी दोनदा फाडला. शेवटी जे डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं. चित्र अलीकडचं. दिवा अलीकडचा, लोखंडी. पण चौकट अस्सल. हो, चौकट! भिंग लावताना माझी बोटं तिच्या कोपऱ्यावरून फिरली होती. दरसाल दिवाळीला सोनेरी रंग चोपडून चोपडून तिचं बाशिंग झालेलं आहे, पण मागच्या बाजूला रंग नाही, आणि तिथे कोपरे खिळा न मारता एकात एक बसवलेले, हाताने रंधलेलं जुनं लाकूड. असं काम आता कोणी करत नाही. एवढं लिहून, सही करून, बुधवारी मी लकडगंजात निघालो. सोनिकाला म्हटलं, तू येऊ नकोस. तिने ऐकलं नाही, खाली वखारीत साहिलबरोबर उभी राहिली.

आनंदरावांनी चष्मा पुसला आणि कागद माझ्याच हातात परत दिला. म्हणाले, "तुम्हीच वाचा, आयकाले गोड लागते." मी चौकटीपासून सुरुवात केली. चौकट पुरवून पुरवून वाचली. ते माना डोलवत होते. मग म्हणाले, "ते झालं न जी. लक्ष्मीचं सांगा." मी कागद उलटासुलटा केला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमताई, म्हणजे साहिलची आई, हातातला चहाचा ट्रे खाली न ठेवताच म्हणाल्या, "त्याहिले कायले त्रास देता? लक्ष्मी नकली आहे. दिवाही नकली आहे. मी आणला."

 कुसुमताई सांगत गेल्या. साहिल शाळेत असतानाची गोष्ट. आनंदराव बल्लारशाला लाकडाच्या लिलावाला गेलेले. दिवाळीची साफसफाई चाललेली. चित्रामागे हात घातला तर हाताला भुसा लागला. घाबरून चित्र उतरवायला गेल्या, तर चौकटीचा कोपरा दिव्याला लागला आणि दिवा खाली. नवरा परत यायच्या आत बाजारातून दिसायला तसाच दिवा आणून लावला आणि तशीच लक्ष्मी जुन्याच चौकटीत बसवली. तशीच म्हणजे काय, जुनीच्या दोन्ही बाजूंना हत्ती होते, नवीच्या एका बाजूला मोर आहे. "इतके वर्षं रोज सकाळी हात जोडता," त्या म्हणाल्या, "पण डोळे मिटून."

मी आनंदरावांकडे बघायचं टाळत होतो. म्हटलं, आता घराण्याची शंभर वर्षं पडणार, आणि त्याखाली आपली सोनिका. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, भीतीचा होता. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "भुसा कायचा होता?"

"वाळवीचा."

"वाळवी? आपल्या घरी?" ते उठून जिन्याचं दार लावून आले. "तू कोणाले सांगितलं होतं काय?"

"कोणालेच नाही. फक्त वाळवीले माहीत होतं."

ताई, मग त्या सहा फुटी माणसाने माझे दोन्ही हात धरले. "मामासाहेब, लक्ष्मी नकली आहे म्हणून साऱ्या नागपूरले सांगा. दिवा नकली आहे म्हणून पेपरात द्या. पण वाळवीचं नका बोलजा जी. धंदा बसून जाईन माझा. खाली पाटी आहे न!" मी म्हटलं, मी चित्रं आणि दिवे पारखतो, किडे माझ्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा त्यांना श्वास आला. आणि श्वास आल्याबरोबर माझा कागद आठवला. "चौकट खरी म्हणता?" त्यांनी ती स्वतः उतरवली, लक्ष्मीला पाटावर बसवलं, खिशातल्या चाकूने कडेचा सोनेरी रंग खरवडला, वास घेतला, बोटाच्या गाठीने ठोकून बघितलं. "बर्मा सागवान. वाळवीनं कागद खाल्ला, पुठ्ठा खाल्ला, याले हात नाही लावला. पाहा कुसुम! माह्या आज्याच्या हातचा सांधा आहे हा!" आयुष्यभर लाकूड विकणाऱ्या माणसाच्या घरात आजोबांचं लाकूड भिंतीवर होतं आणि तो आतलं चित्र दाखवत होता. डोळे पुसले त्यांनी. मग जिन्याचं दार उघडून खाली ओरडले, "साहिल! वर ये. आन् एकटा नको येऊ."

तर ताई, बैठक पक्की. वर आल्यावर आनंदरावांनी सोनिकाला प्रथमच नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या मामानं आमच्या दिव्याले तोंडावर खोटा म्हटलं. अशा घरची पोरगी आमच्या इथं पाहिजेच." (तोंडावर म्हटलं होतं ते कुसुमताईंनी. पण मान मिळत असताना दुरुस्त्या सुचवू नयेत.) सोनिका हसली, कुसुमताईंनी तिला आत नेलं, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कशाला हसत होत्या ते मी विचारलं नाही, बहुधा मलाच. मला ते स्थळ पसंत आहे. घर मोकळंढाकळं आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
प्रेमानंद

ता.क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पुढच्या रविवारी गावंडे मंडळी काटोलला आपलं घर पाहायला येतायत. आनंदराव प्रत्येक दाराला गाठीने ठोकून वास घेणार. 'सगळ्या चौकटी सागवानी आहेत' हे भाऊजींचं आवडतं वाक्य त्या दिवसापुरतं त्यांना बोलू देऊ नकोस. मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि सुताराला तर माहीतच आहे, की त्या बाभळीच्या आहेत. आणि माजघराच्या कोपऱ्यातल्या त्या मातीच्या रेघेवर रॉकेल टाक.

दुसरं ता.क. मी आजवर अहवालात एक शब्दही वळवलेला नाही असं तुला वाटत असेल, तर आनंदरावांना नव्याने लिहून दिलेली, साखरपुड्याला फ्रेममध्ये लागणारी प्रत वाच. तीत 'मूळ चित्र कालौघात नष्ट झाले' असं आहे. काळाला सहा पाय असतात हे लिहिलेलं नाही.

तिसरं. पहिल्या दिवशी निघताना कुसुमताईंनी कोथिंबीर ठासून भरलेल्या सांबारवडीचा डबा दिला होता, तो माझ्याकडेच राहिला. रिकामा परत करायचा नसतो. पूर्वी कापडाच्या ठाणांवर देवादिकांची छापील लेबलं चिकटवत, तशी थोडी माझ्या संग्रहात आहेत. त्यांतली एक लक्ष्मी, पोस्टकार्डाएवढी, दगडी छापाची. डबा धुतला, पुसला, कागदात गुंडाळून ती त्यात ठेवली आणि काल साहिलच्या हाती पाठवली. आईच्याच हातात दे, एवढंच सांगितलं. तिचा अहवाल लिहिलेला नाही.