मूळव्याध नव्हे, चीर

३ मार्च
आज संडासला पुन्हा रक्त. लालभडक. आणि दुखणं — काचेचा तुकडा बाहेर पडावा तसं! मग दुपारपर्यंत जळजळ. तिकीट खिडकीत दिवसभर एका बाजूवर बसून तिकिटं दिली. शेजारच्या खिडकीतली म्हणाली, "अशी तिरकी का बसलीस गं?" म्हटलं, पाठ धरलीय.

४ मार्च
संडासात वेळ लागला. सासूबाई बाहेरून — "आज मुक्काम तिथेच का?"

९ मार्च
मूळव्याधीची आणखी एक ट्यूब आणली. दुकानदारासमोर मान वर होत नाही. गुण शून्य! आता जेवणच कमी केलंय. खिडकीत पाणी तर पीतच नाही — प्यायलं की उठावं लागतं, रांग खवळते.

१४ मार्च
यांना वाटतं मी रुसलेय. जवळ आले की अंग चोरते ना! "माझं काही चुकलं का?" रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, कॅन्सरची भीतीसुद्धा. हे एवढंच म्हणाले — "उद्या रजा टाक. मी येतो बरोबर."

१५ मार्च
डॉक्टर बाईच निघाली. सुटले! कुशीवर झोपवून हलकेच पाहिलं. "मूळव्याध नाही ही. फिशर. गुदद्वाराच्या तोंडाशी चीर पडलीय. सगळे मूळव्याधच समजून मलमं लावत बसतात."
"कॅन्सर?"
"तसं काही दिसत नाही. भरली नाही तर पुढे तपासू."
दुखेल म्हणून मी आवळून धरते, आवळलं की तिथे रक्त नीट पोचत नाही, म्हणून चीर भरत नाही. म्हणजे भीतीच जखम उघडी ठेवते! स्नायू सैल करणारं मलम, पोट साफ होण्याचं औषध, कोमट पाण्यात बसणं. आणि पाणी पिणं — भरपूर.

१८ मार्च
मलमानं डोकं ठणकतंय. लावायचं कुठे, दुखतंय कुठे! डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "होतं तसं. थोडं कमी लावा, आडवं होऊन लावा." हे टबात कोमट पाणी भरून हाक मारतात, "महाराणी, स्नान तयार!" किती दिवसांनी मी हसले.

२ एप्रिल
खिडकीत पाण्याची बाटली ठेवली. दुपारी रांग थांबवून उठले. एकजण कुरकुरला. कुरकुरू दे!

२६ एप्रिल
दुखलं नाही. रक्त नाही.

२७ एप्रिल
सासूबाई खोलीत आल्या. दार लावून घेतलं. "ती डॉक्टर बाईच आहे ना? मलाही ने."
"आई, कधीपासून?"
"हा जन्मला तेव्हापासून."
"आणि कधी बोलला नाहीत?"
"विचारलं कुणी?"