गुडघ्याच्या मापाची शिडी

कासालूचे,
सप्टेंबरअखेर

ती. सोस्सियो दाजींना तम्मारोचा नमस्कार.

चेस्टनटच्या लाकडाची शिडी एक, अठ्ठावीस पायऱ्यांची. तळाला निमुळत्या होत जाणाऱ्या टोपल्या तीन. त्या वरून खाली सोडायची दोरी, पिळासकट. आणि कोयती टांगायला कमरेचा लाकडी आकडा. एवढं सगळं मी या उन्हाळ्यात माझ्या हातांनी केलं. कुणाकडे शिकलो नाही, आणि शिकवायला आता उरलंय तरी कोण? तुमच्या मागच्या पत्रातलं वाक्य मला पाठ आहे: 'तुझ्या असल्या कारागिरीला बाजारात कुणी पंधरा युरोसुद्धा देणार नाही.' ते वाक्य आपण बाजूला ठेवू. (मी ठेवलेलं आहे. स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्यामागे.) फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

तुमचा रक्तदाब कसा आहे? तोरीनोत थंडी सुरू झाली असेल. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालता का, असं ताईने विचारायला सांगितलंय. तिचा गुडघा उत्तम आहे. ज्या विश्रांतीसाठी ती माहेरी आली, ती तिला पुरेपूर मिळते आहे. काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. एकोणतीस तारखेच्या संत मिकेलेच्या सणापर्यंत पॉप्लरवरची सगळी द्राक्षं उतरली, आणि बाहेरचा गडी न लावता उतरली, तर झाडं राहतील. नाहीतर ताईच्या वाट्याची अर्धी झाडं लाकूडवाल्याला, ही तुमची अट. अर्धी म्हणजे सगळीच, दाजी. आपली वेल एका झाडावरून दुसऱ्यावर हात टाकत गेलेली आहे; एक पॉप्लर पाडला की शेजारच्यावरचा पसारा ओढून खाली येणार. मग अस्प्रीनियो वाइन प्यायची ती दुकानातली, जिला ना आंबटपणा ना झणका; म्हशीच्या ताज्या मोझारेल्लाबरोबर घेतली तर मोझारेल्लाच लाजेल.

पण उतरवणार कोण? आजवर उतरवायचे ते एल्पिदियोकाका यंदा ऐंशी पूर्ण. त्यांची शिडी त्यांच्या सुनेने कापून टोमॅटोच्या रोपांना टेकू केले, म्हणजे म्हातारा वर जायलाच नको. (मोठी हुशार बाई. टेकू मात्र वाकडे लावलेत.) शिडी असती तरी मला उपयोग नव्हता. कारखान्यात दिवस काढून तुम्ही विसरला असाल, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर ज्याच्या त्याच्या नडगीचं असतं. वर पोचल्यावर एक पाय दोन पायऱ्यांमधून घालायचा, गुडघ्यात मुडपायचा. माणूस कुलपासारखा बसतो आणि दोन्ही हात मोकळे. दुसऱ्याच्या मापाची शिडी म्हणजे दुसऱ्याची कवळी. म्हणून मी माझं माप घेतलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत: एकदा बसून, एकदा उभ्याने, आणि एकदा नुंझियाताकडून. (माझी बायको मोजताना हसते, तेव्हा ते माप धरलं नाही.) केसाइतका फरक नाही.

तोडणीच्या पहिल्या सकाळी तुम्ही पाठवलेला लाकूडवाला, दोनातो, टेप घेऊन हजर. द्राक्षं उतरायच्या आत लाकूडवाला! वरातीआधी तेराव्याचं जेवण. मी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता वर गेलो. शिडी हलली नाही, कुरकुरली नाही. शेंड्याजवळ डावा पाय घातला, मुडपला, कुलूप बसलं. टोपली भरली, खाली सोडली. तिचं टोक ओल्या मातीत असं रुतलं की एक मणी सांडला नाही. खाली खुर्ची टाकून बसलेले एल्पिदियोकाका म्हणाले, "पोरा, शाब्बास." दाजी, बावन्न वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा शाब्बास म्हटलं. तिथेच खाली उतरलो असतो तर फार बरं झालं असतं.

पण उतरायला पाय निघेना. लांबी मी तीनदा मोजली होती. शिडीच्या रुंदीसाठी गुडघ्याचा घेरही मोजायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. (शिडीत दोष नव्हता. दोष गुडघ्यात होता.) मी ओढतोय, पॉप्लर डुलतोय, आणि खालून दोनातो विचारतोय, "मालक, उतरताय ना? मला घेर घ्यायचाय."

"कुणाचा?" मी ओरडलो.

"आधी यांच्या गुडघ्याचा घ्या!" ही नुंझियाता.

"पोरा, तिथंच राहा," काका म्हणाले. "पुढच्या हंगामाला पुन्हा चढायचे कष्ट वाचतील."

शेवटी मी टोपली सोडली, नुंझियाताने तिच्यात ऑलिव्हच्या तेलाची बाटली ठेवली, मी ती ओढून घेतली आणि अर्धी विजारीत ओतली. पाय निघाला. खाली आलो तेव्हा गावातली दोन कुत्री माझ्यामागे लागली ती घरापर्यंत.

असो. त्यानंतर द्राक्षं उतरली. सणाच्या आदल्या दिवशी शेवटची टोपली खाली आली, आणि एल्पिदियोकाकांनी टोपी काढून झाडांना हलवून दाखवली. रस आता तळघरात आहे. जिन्यात बसून कान दिला की आंबण्याची कुजबुज ऐकू येते. महिन्याभरात काल पहिल्यांदा मला गाढ झोप लागली, आणि छातीवरून कुणीतरी भरलं पिंप उचलून नेल्यासारखं झालंय. तेव्हा 'झाडं राहतील' एवढी एक ओळ पोस्टकार्डावर टाका. अक्षर नीट काढा, मला ती चौकटीत बसवायची आहे. (चौकट मीच करणार आहे.)

तुमचा मेहुणा,
तम्मारो

ता. क. : ताईचा लाल स्वेटर आणि रबरी तळव्यांचे बूट पाठवावेत. नोव्हेंबरात संत मार्तिनोच्या सणाला नवी वाइन चाखल्याशिवाय ती निघत नाही म्हणते. तोवर रात्रीचं तुमचं तुम्ही बघा. बटाटे गॅलरीतल्या पेटीत आहेत.

ता. क. दुसरा : वरचं पत्र ताईने वाचलं. म्हणाली, "तम्मा, 'द्राक्षं उतरली' म्हणजे काय? त्यांना काय पाय फुटले? खरं लिही, नाहीतर मी फोन करते." तर खरं असं : मी तेलाने निथळत खाली उभा होतो, तेव्हा ताई म्हणाली, "हो बाजूला." चपला काढल्या, पदर नसल्यामुळे एप्रनच खोचला आणि वर. मी "अगं, गुडघा!" म्हणून ओरडलो, तर वरून उत्तर, "बाबा बाजाराला गेले की मी दिवसभर कुठे असायचे, असं वाटतं तुला?" आम्हा दोघांची नडगी बाबांची, लांबी केसाला केस जुळते. घेर तिचा वाढलेला नाही, हे तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घराचे उपकार. गुडघा फक्त तोरीनोतच दुखतो, असं तिचं स्वतःचं निदान आहे. सगळ्या झाडांवरची द्राक्षं तिने उतरवली. अट मोडलेली नाही, दाजी: बाहेरचा गडी लावला नाही. ताई बाहेरची नव्हे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : तुमचा दोनातो तोडणी संपेपर्यंत रोज येऊन झाडाखाली मान वर करून उभा राहायचा. टेप खिशातून पुन्हा निघाला नाही. जाताना मात्र त्याने शिडीवरून खालपासून हात फिरवला आणि लेकीच्या पिझ्झाच्या दुकानात भिंतीवर लावायला ती विकत मागितली. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी ताई कशावर चढणार? रोख देत होता. पंधराशे युरो.