नाकतोडी आणि कासवीण

मानवत,
२५ जून १९७८

प्रिय मनकर्णा, जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं नुसती कासविणीची! फाल्गुनात तुमच्या किनाऱ्यावर पाहिलेली ती अजून तुझ्या डोक्यातून जात नाही, कमाल आहे. समुद्रातून आली, वाळूत खड्डा केला, शंभरावर अंडी घातली, वाळू लोटली आणि निघून गेली. एकदाही वळून पाहिलं नाही, कसली आई म्हणायची ही, असं रागानं लिहिलंयस.

आता माझ्याकडची ऐक. पेरणीआधी लिंबाजीच्या शेतात बांध खरडायचं काम चाललं होतं. नाकतोड्यांची अंडी उघडी पडून उन्हात मरावीत म्हणून खरडतात, तुला ठाऊकच आहे. चौथीच्या पोरांना दाखवायला नेलं. अंडी असलेली दोन ढेकळं खडूच्या डब्यात घालून आणली आणि वर्गात ठेवली, नेमकी पाझरत्या माठाखाली. माझाच शहाणपणा! सोमवारी शाळा उघडली तर ओल लागून अंडी फुटलेली आणि साठ-सत्तर पिल्लं वर्गभर टणाटण उड्या मारत होती. हेडमास्तर दिनकरराव खुर्चीवर चढले आणि तिथूनच मला शाळेचे नियम सांगू लागले. पोरं इतकी हसली की हजेरी घ्यायची राहिली.

मग पोरांना तुझी कासवीण सांगितली. नाकतोडीही तसंच करते. पोट मातीत खुपसून अंडी घालते, वर फेसाचं पांघरूण घालते नि जाते. पण पिल्लं निघण्याआधीच ती मरते, म्हणून तिला कुणी नावं ठेवत नाही. कासवीण पुढं कितीतरी वर्षं जगते, म्हणून सगळा राग तिच्यावर. अगं, पण वाळूत बसून ती करणार काय? तिचं पोट समुद्रावर. जाण्याआधी जागा तर नीट बघते ना?

तू चार वर्षांची होतीस तेव्हा मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला औरंगाबादला गेले. तुला कस्तुराआत्याकडे ठेवलं. ती तुला सांगायचीच, "तुझी माय लय दगडाच्या काळजाची हाय, यष्टीत बसली ते वळून बी पाहिलं न्हाई." खरं आहे ते. वळले असते तर उतरले असते. पण हे तुला कधी सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तीन पानांच्या शेवटी तू एकच ओळ लिहिलीस. कोल्हापूरला बी.एड.ला नंबर लागलाय, पण आनंद दीड वर्षाचा आहे म्हणून नकार कळवतेय. त्या ओळीसाठीच हे पत्र. होकार कळव. पुढच्या रविवारी मी रजा टाकून निघते, तुला कोल्हापूरच्या गाडीत बसवते नि नातवाला इकडं आणते. कस्तुराआत्या आत्तापासूनच झोळी बांधून बसलीय. फक्त एक कर. गाडी सुटली की खिडकीतून वळून बघ, पाहिजे तितक्या वेळा. मी त्याला उंच धरून उभी राहीन.

तुझीच,
आई